रोज घालायची घडी

(दहावी २००० च्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'संगणक क्षेत्रातील संधी'. मी हो म्हटलं. मग आठ दिवस विचार केला आणि लक्षात आलं की त्या विषयावर बोलणारे तुम्हाला मोबाइलवर रोज दहा जण भेटतात, आणि त्यातले नऊ माझ्यापेक्षा बरं बोलतात. म्हणून परवा विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसल्यावर मी विषय बदलला. संयोजकांना आत्ता, तुमच्यासोबतच कळतंय. त्यांनी रागावू नये.

मी आज माझ्या हातातल्या घडीबद्दल बोलणार आहे. पुण्यात वीस वर्षं राहून मी 'घड्याळ' म्हणायला शिकले, पण आमगाव स्टेशनवर पाय ठेवला की ते परत 'घडी' होतं. तर घडीच म्हणते.

घडीपर्यंत येण्याआधी जरा शाळेकडे वळू या. आपल्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता, आठवतो? कडुलिंबाला तारेने टांगलेला. शिपाई काका त्यावर लोखंडी गज मारायचे आणि तो आवाज थेट बाजारापर्यंत जायचा. शाळा सुटायची वेळ त्या रुळाच्या तुकड्यावर ठरे आणि गावातली बाकीची वेळ खऱ्या रुळांवर. मेल गेली की चूल पेटवायची, लोकल आली की बाबा मिलमधून निघाले असतील, असं घराघरात चाले. गाडी लेट असली की अख्ख्या गावाचं जेवण लेट.

आपण तर असे विद्यार्थी की नववीची परीक्षा भंडारा जिल्ह्यात दिली आणि दहावीची गोंदिया जिल्ह्यात, तीही बाकावरून न हलता. १ मे १९९९ ला जिल्हा वेगळा झाला आणि सरांनी पत्ता लिहिण्याची सवय बदलायला आपल्याला पुढचे सहा महिने लावले.

त्या वर्गात घडी कोणाकडे होती, हे मी गाडीत बसून आठवत होते. सरांकडे होती. मुलांपैकी तिघांकडे होती, त्यातली एक बंद होती पण तो ती घालायचा. मुलींपैकी कोणाकडेच नव्हती. काल रात्री आम्ही मैत्रिणी बसलो होतो तेव्हा मी पुन्हा विचारलं. खरंच एकीकडेही नव्हती. बोर्डाच्या पेपरला पर्यवेक्षक "अर्धा तास राहिला" म्हणायचे तीच आमची घडी. भूमितीच्या पेपरला ते सांगायला विसरले आणि माझी शेवटची रचना अर्धी राहिली. चार गुण गेले. ते कुठे गेले हे मला अजून पाठ आहे.

आमच्या घरी मात्र घड्या दोन होत्या. एक बाबांच्या हातात आणि एक कपाटात.

बाबांच्या हातातली एच.एम.टी. जनता. सरांपैकी अनेकांकडे तीच होती. रोज सकाळी आंघोळ झाली की बाबा तिला चावी द्यायचे, अंगठा आणि तर्जनीत तो छोटा गोल दांडा धरून. त्या कर्र-कर्र आवाजाने मला जाग यायची. तबकडीवर इंग्रजीत '१७ ज्वेल्स' लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ सतरा हिरे असा आपल्या वर्गात एकाने लावला होता, आणि घडी उघडून ते हिरे गोंदियाला सराफा बाजारात विकायचे असा बेतही केला होता. तो आज इथे बसला आहे आणि आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, सराफाचं नाही. ते खडे म्हणजे कारखान्यात बनवलेलं माणिक असतं. चाकांचे बारीक दांडे त्यात फिरतात म्हणून झिजत नाहीत. किंमत विचाराल तर फार नाही.

कपाटातली घडी होती एच.एम.टी. कांचन. ही ऑटोमॅटिक. हिला चावी द्यावी लागत नाही, हाताच्या हालचालीने ती आपोआप भरते. वार आणि तारीख दाखवणारी, सोनेरी, जड. लाल मखमलीच्या डबीत, साड्यांच्या घडीखाली. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ती बाहेर यायची, पाटावर बसायची, हळद-कुंकू घ्यायची आणि परत आत जायची. मी लहानपणी कितीतरी दिवस असं समजत होते की ती देवाची घडी आहे.

या दोन्ही घड्यांचा कारखाना एकच. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी. तिने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला मनगटी घड्याळं करायला १९६१ साली सुरुवात केली. तोपर्यंत चांगली घडी म्हणजे परदेशी घडी. एच.एम.टी.ने ती शिक्षकाच्या, कारकुनाच्या, स्टेशन मास्तरच्या हाताला आणली. 'देश की धडकन' ही तिची जाहिरात आपल्यापैकी सगळ्यांना आठवत असेल. पुढे टाटांची टायटन आली, बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं स्वस्त आणि अचूक झाली, आणि एच.एम.टी. मागे पडत गेली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्या दिवशी ऑफिसात मी ती बातमी वाचली आणि का कोण जाणे, बाबांना फोन केला. ते म्हणाले, "जनता तर चालूच आहे माझी."

१९६१ साली आणखी एक गोष्ट झाली. हुंडा प्रतिबंधक कायदा झाला. तो कायदा आणि एच.एम.टी.ची घडी एकाच वर्षीच्या. आणि पुढची तीस वर्षं आपल्या भागात त्या दोघांची गाठ लग्नाच्या मांडवात पडत राहिली. जावयाला काय दिलं, तर घडी, सायकल, रेडिओ. ज्याची ऐपत जास्त त्याची घडी कांचन. सोयरीक ठरवताना मागणीच असायची, कंपनीचं आणि मॉडेलचं नाव घेऊन. मिळायला कठीण, म्हणून वरचे पैसे देऊन आणावी लागे.

आता जे सांगणार आहे ते आई-बाबांना विचारून सांगते आहे. ते दोघं मागे बसले आहेत. बाबा म्हणाले, "सांग. खोटं तर नाही ना."

आमच्या घरची कांचन तशीच आली होती. १९८२ साली, माझ्या आईच्या लग्नात. माझे आजोबा साडेतीन एकर धानाचे शेतकरी. त्यांनी त्या घडीसाठी एक म्हैस विकली. ही गोष्ट मला माहीत नव्हती. आईला माहीत होती आणि तिने ती लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी, अंगणात धान वाळवत असताना, बाबांना एकदाच सांगितली. भांडण म्हणून नव्हे. कोणाची तरी म्हैस व्यायल्याचा विषय निघाला होता, त्यावरून ती बोलून गेली. त्या दिवसापासून बाबांनी कांचन हातात घातली नाही. राईस मिलमध्ये ते मुनीम, हिशेबाचे पक्के. आपल्या हातावर म्हैस बांधली आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. पण हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते आत्ता, अगदी अलीकडे. त्यामुळे तिकडे नंतर येते.

मी इंजिनियर झाले, नागपूरला. २००६ साली पुण्याला नोकरी लागली. पहिल्या पगारात आईला साडी, बाबांना चष्मा. घडी घ्यावी असं मनातही आलं नाही, कारण तोवर हातात मोबाइल आला होता. माझं काम सर्व्हरचं. तिथे वेळ म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. जगभरचे संगणक एकमेकांशी सतत वेळ जुळवत असतात, आणि ती जुळवाजुळव बिघडली की काय होतं ते मी पाहिलं आहे. १ जुलै २०१२, रविवार, पहाटे साडेपाच. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ बसावा म्हणून जगाच्या घड्याळात त्या क्षणी एक जादा सेकंद घातला गेला. एक सेकंद! आणि तो न पचल्यामुळे जगभर अनेक ठिकाणचे सर्व्हर धापा टाकायला लागले. आमचेही. मी अंथरुणातच लॅपटॉप उघडून दुपारपर्यंत तशीच बसले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की माझ्याकडे अशी एखादी वेळ असावी, जिला एक सेकंद इकडे-तिकडे झाल्याने काही होत नाही.

ते वाटणं बारा वर्षं तसंच राहिलं. मग चाळिसावा वाढदिवस आला. यजमान म्हणाले, काहीतरी चांगलं घे. ऑफिसातल्या मैत्रिणींनी नावं सुचवली. त्यातल्या एकीच्या किमतीत आमच्या गावाकडे एक खोली बांधून झाली असती. दुकानात मी तीही घालून पाहिली. सुंदर होती. पण हात टेबलाला लागू नये म्हणून मी तो छातीशी धरून उभी राहिले. आरशात पाहिलं आणि मला लाल मखमलीची डबी दिसली. ही घेतली तर ही कपाटातच जाणार, माझ्या लक्षात आलं.

मी घेतली ती ही. ओरिएंट नावाच्या जपानी कंपनीची, बॅम्बिनो. ऑटोमॅटिक. पंधरा हजारांच्या आत-बाहेर. पांढरी तबकडी, बारीक काटे, तारीख, चामड्याचा पट्टा, बाकी काही नाही. अशा घडीला इंग्रजीत ड्रेस वॉच म्हणतात, म्हणजे कोट-टायवर, समारंभाला घालायची. मी ती ओट्यापाशी घालते, बसमध्ये घालते, मुलाच्या पालकसभेला घालते. गेलं दीड वर्ष रोज. मागची काच पारदर्शक आहे, आतलं यंत्र दिसतं. भाषणानंतर मुलांनी येऊन पाहावं. जेवणाच्या रांगेत कोणी पुढे जाणार नाही, मी सांगते.

ती चालते कशी, ते दोन मिनिटांत सांगते. आत अर्धचंद्रासारखं एक वजन आहे. ते मधोमध खिळ्यावर फिरतं. आपण हात हलवला की वजन खाली पडू पाहतं, म्हणून गोल फिरतं. त्याच्या फिरण्याने चाकं फिरतात आणि एक लांब पातळ स्प्रिंग गुंडाळली जाते. ती स्प्रिंग हळूहळू सुटत राहते आणि काटे चालवते. पूर्ण भरली की ती आतल्या आत घसरते, म्हणून कितीही हात हलवला तरी जास्त भरून तुटत नाही. हातातून काढून ठेवली तर साधारण चाळीस तास चालते, मग थांबते. बॅटरी नाही, चार्जर नाही. आपण चिमणीच्या उजेडात अभ्यास केलेली माणसं, आपल्याला याचं मोल सांगायला नको. खिशातल्या घडीसाठी ही युक्ती स्वित्झर्लंडमध्ये अठराव्या शतकातच निघाली होती, आणि मनगटी घडीसाठी ती १९२० च्या दशकात जॉन हारवुड या इंग्रज घडीसाजाने आणली. अडीचशे वर्षांत मूळ कल्पना तीच आहे. माझ्या क्षेत्रात अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट जुनी होते.

आता अचूकपणा. बॅटरीच्या साध्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. माझी घडी सेकंदाला सहा ठोके देते. म्हणजे तासाला २१,६००. हा आकडा ऐकून आमच्या आजीने कान टवकारले असते. माणूस दिवस-रात्रीत २१,६०० श्वास घेतो असं आपल्या योगग्रंथांत सांगितलं आहे. आपण दिवसभरात घेतो तेवढे श्वास ही तासाभरात घेते आणि दिवसाला पाच लाखांवर ठोके देते. इतक्या ठोक्यांत माझी घडी रोज बारा सेकंद पुढे जाते. कंपनीच म्हणते की दिवसाला पंधरा सेकंद मागे ते पंचवीस सेकंद पुढे चालायचं. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात बारा चुकले. भूमितीत मला इतके गुण कधी मिळाले नाहीत. दर रविवारी चहा झाला की मी ती दीड मिनिट मागे घेते. बाबांच्या कर्र-कर्रची आठवण तेवढी राहिली.

गैरसोयीही सांगते, नाहीतर कंपनीने पाठवलेली बाई वाटेन. पहिला पट्टा पहिल्याच पावसाळ्यात घामाने कुजला. आता मी उन्हाळा-पावसाळ्यात कापडी पट्टा लावते आणि हिवाळ्यात चामड्याचा. मे महिन्यात गोंदियाला चामड्याचा पट्टा म्हणजे हाताला बांधलेलं भजं. पाण्यात ती घालायची नाही, हात धुताना शिंतोडे उडाले तर चालतं, तेवढंच. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलायची नाही, कारण त्या वेळात आतली चाकं स्वतःच तारीख सरकवण्याच्या कामात असतात, मध्ये हात घातला तर दाता तुटू शकतो. काही वर्षांनी तेलपाणी करावं लागतं. आणि चुंबकापासून जपायचं. मध्यंतरी ती एकाएकी रोज पाच-सहा मिनिटं पुढे पळायला लागली. मला वाटलं, संपली. घडीसाजाकडे नेली. त्याने विचारलं, "रात्री कुठे ठेवता?" मी म्हटलं, टॅबलेटच्या कव्हरवर. त्या कव्हरात चुंबक असतो. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकाने एकमेकींना चिकटते, आखूड झाल्यासारखी वागते आणि घडी पळते. त्याने एका डबीसारख्या यंत्रावरून ती दोनदा फिरवली. वीस सेकंदांचं काम. पैसे घेतले नाहीत. इंजिनियर आहे हे मी त्याला सांगितलं नाही.

तिचा खरा स्वभाव मला कळला तो घरून काम करताना. मी दिवसभर खुर्चीत बसलेली, बोटं चालतात आणि हात टेबलावर स्थिर. आणि घडी संध्याकाळपर्यंत मरगळायची. दोन दिवस असे गेले की सोमवारी सकाळी थांबलेली. मी तिला दाखवायला नेणार होते, मग लक्षात आलं की बिघाड तिच्यात नाही, माझ्यात आहे. हलत मीच नव्हते.

आणि त्याच सुमारास दिवाळीला मी घरी आले. स्वयंपाकघरात बसले होते. आई चकल्या करत होती. मी सहज पाहत होते. पीठ मळलं, सोऱ्या फिरवला, झारा घेतला, गाळणी झटकली, नातवाला दटावलं, परत पीठ. त्या हाताला अर्धा मिनिट उसंत नव्हती. मला एकदम हसू आलं आणि मग हसू थांबलं. ऑटोमॅटिक घडी जगात कोणाच्या हातासाठी बनली असेल तर ती या हातासाठी. आणि आमच्या घरात ती आली तेव्हा कोणाला मिळाली? दिवसभर गादीवर बसून खातेवही लिहिणाऱ्या माणसाला. ज्या बापाने म्हैस विकली त्याच्याच लेकीच्या हाताला ती एकदाही लागली नाही. लागली, ती पूजेला पुसून ठेवायला.

त्या रात्री मी बाबांकडे कांचन मागितली. त्यांनी डबी काढली आणि तेव्हा ते धान वाळवण्याच्या दिवसाची गोष्ट बोलले. मी विचारलं, मग परत का नाही केली? ते म्हणाले, "घालायची लाज वाटे. परत करायची त्याहून जास्त."

एवढंच बोलले. यावर मी त्यांना काय म्हणणार? तेव्हा ते पंचविशीचे होते. मी आज त्यांच्याहून सोळा वर्षांनी मोठी आहे आणि माझ्याकडूनही कितीतरी गोष्टी अशाच राहिल्या आहेत, ना धरता येत ना देता येत.

कांचन मी गोंदियाच्या बाजारात एका म्हाताऱ्या घडीसाजाकडे नेली. त्याने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, "बाई, हिला काहीच झालं नाही. चालून झिजली असती तर समजलो असतो. ही पडून आटली." आतलं तेल सुकून डिंकासारखं झालं होतं. सगळे भाग सुटे करून धुतले, नवीन तेल दिलं, काच घासली. आठशे रुपये आणि चार दिवस. देताना एकच सांगितलं, "आता डबीत ठेवू नका."

मी ती आईसमोर धरली. तिचं उत्तर तुम्ही सगळे ओळखाल, कारण तुमच्याही आया हेच म्हणाल्या असत्या. "मले कायले पायजे घडी? मेल गेली का मी कुकर लावतो." मी म्हटलं, आई, मेल आता वेळेवर येत नाही. ती म्हणाली, "बाबाची आहे ते." तेव्हा पेपर वाचत बसलेले बाबा पेपर खाली न घेता म्हणाले, "तुह्या बाबाची आहे."

आजोबांची, म्हणजे. म्हैस विकणाऱ्याची.

पट्ट्याला आणखी दोन भोकं पाडावी लागली, आईचं मनगट बारीक. जुन्या घड्या आजच्या मानाने आकाराने लहानच असतात, त्यामुळे तिला ती मोठी दिसत नाही. गेलं वर्षभर ती घडी आईच्या हातात आहे. भांडी घासताना काढून खिडकीत ठेवते, एवढंच. कधी बंद पडली नाही. रोज दोन मिनिटं मागे पडते. आईला मी म्हटलं, रोज लावत जा. ती म्हणाली, दोन मिनिटांत काय होते? सोनेरी रंग कडेने उडायला लागला आहे, काचेवर चरे आहेत, एकदा तबकडीजवळ बेसन सापडलं. चाळीस वर्षांत तिच्या अंगावर एवढं काही झालं नव्हतं.

स्वस्तातली, रोजची ऑटोमॅटिक घडी घेऊन मी काय शिकले असं माझा मुलगा विचारतो, कारण त्याच्या शाळेत प्रत्येक गोष्टीतून काहीतरी शिकावं लागतं. मी त्याला सांगितलं ते असं. आपल्या ऐपतीबाहेरची वस्तू आपली होत नाही, आपण तिचे राखणदार होतो. ती कोणाच्या तरी जिवावर आलेली असेल तर राखणंही जड जातं. मी माझ्या कमाईची, हरवली तर एक दिवस वाईट वाटेल एवढ्याच किमतीची घडी घेतली, म्हणून ती माझ्या हातात राहिली. आणि हातात राहिली म्हणून चालली. या यंत्राची रचनाच तशी आहे, त्यात मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही.

शेवटचं एक. दहावीत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण, नाव घेत नाही, ती दुसऱ्या रांगेत आहे आणि मला डोळे वटारते आहे. गणितात माझ्या पुढे होती. बारावीच्या आधी तिचं लग्न झालं. तिच्याही लग्नात घडी दिली, अर्थात नवऱ्याला. आज ती अंगणवाडी सेविका आहे आणि गावातली पोरं वेळेवर जेवतात ती तिच्यामुळे. काल रात्री तिने माझी घडी मागून घेतली, हातात घातली आणि कानाला लावली. बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "हे तर खरंच चालू आहे वो." परत देताना तिने किंमत विचारली. मी सांगितली. तिने मनात हिशेब केला, मला तो दिसला, तोंडी हिशेबात ती आधीपासून पक्की. म्हणाली, "मानधनातून सहा महिन्यांत होते. मीच घेतो. तू देऊ नको."

मी देणार नाही. पण दुकानात सोबत जाणार आहे, हे ठरलं आहे.

मला पंधरा मिनिटं दिली होती. माझ्या घडीप्रमाणे सोळा झाली, आणि ती जरा पुढे असते, म्हणून एवढी सूट द्यावी. रुळाचा तो तुकडा अजून कडुलिंबाला आहे, सकाळी पाहून आले. कोणीतरी जाऊन वाजवा, म्हणजे मुलांना जेवायला सुटता येईल.